आत्याबाईंचा पंखा

वेदीच्या डाव्या हाताला भिंतीवर टांगलेला टीव्ही आहे ना, तोच मी. साथीत चर्चला कुलूप लागलं तेव्हा मंडळीनं मला आणलं. पाळकसाहेब रिकाम्या बाकांसमोर उपदेश करायचे आणि घरोघरची माणसं फोनवरून व्हिडिओ जोडून माझ्या अंगावरच्या चौकटींतून ऐकायची. माझं तेव्हा कोण कौतुक! "हा नसता तर मंडळी पांगलीच असती," असं पाळकसाहेब म्हणायचे आणि मी फुगून जायचो.

साथ सरली, कुलूप निघालं. माणसं मात्र चौकटींतच राहिली. घरबसल्या उपासना होतेय, तर कोण कशाला उठतंय? समोर चार म्हातारी डोकी, तीही बाकांच्या टोकांना. पूर्वी उपासनेनंतर दोघं-तिघं मिळून एकट्या-दुकट्यांच्या घरी जायची. ती रीत मोडली. आता माझ्याकडे बघून हजेरी घेतात.

आत्याबाई एकट्याच राहायच्या. गुडघ्यांनी दावा साधला, तसं त्यांचं येणं थांबलं. फोन त्या टेबलावर उताणा ठेवायच्या, त्यामुळे चौकटीत त्या कधी दिसल्याच नाहीत. दिसायचा तो छताचा पंखा.

"पंखा आला! आत्याबाई हजर," चर्चचे सेक्रेटरी हसून म्हणायचे.

"मेल्यांनो, मी काय पंख्याशीच बोलत बसू? या की कुणीतरी घरी!"

"येतो, येतो. पुढच्या रविवारी नक्की." असं म्हणून ते सगळ्यांचे आवाज बंद करायचे. उपदेशात कुणाची भांडी वाजायला नकोत.

त्याही रविवारी पंखा आला, हजेरी लागली, आवाज बंद झाले. आशीर्वाद झाल्यावर माणसं हात हलवून निघून गेली. पंखा तेवढा फिरत राहिला. "विसरल्या वाटतं फोन बंद करायला," म्हणत सेक्रेटरींनी मलाच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं दार उघडवलं. आत्याबाई टेबलापाशी फरशीवर होत्या. पडल्यानंतर बराच वेळ जीव होता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी हाका मारल्या असतील का? मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

दफनविधीला चर्च गच्च भरलं. खांद्याला खांदा लागला, बाक पुरेनात. "दर रविवारी बरोबरच होतो हो आम्ही त्यांच्या," असं जो तो सांगत होता.

पुढच्या रविवारी बाक पुन्हा ओस. पाळकसाहेबांनी उपदेशाचा कागद घडी करून खिशात घातला.

"घरभेटी पुन्हा सुरू करायच्यात. माझ्याबरोबर कोण येणार?"

समोरचे एक आजोबा उठले, पण पाय लटपटले तसे परत बसले. माझ्या अंगावरची एक चौकट काळी झाली. मग दुसरी. कुणाची रेंज गेली, कुणाची बॅटरी संपली म्हणे.

"अहो, निदान 'नाही' तरी म्हणा!" पाळकसाहेब म्हणाले.

बघता बघता मी सगळाच काळा पडलो. ते माझ्यासमोर कितीतरी वेळ उभे होते. माझ्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत असणार, आणि पाठीमागचे रिकामे बाक.

माणसांनो, मला उतरवा इथून. कुणाच्या दारावर थाप मारणं मला जमत नाही.