आधी सह्या, मग ठराव

अण्णासाहेब पर्यावरणवाले झाले तेव्हा आमचं गाव आठ दिवस नुसतं हसत होतं. हसणार नाही तर काय करणार? भुकूमच्या पुढं डोंगराच्या अंगाला जेवढ्या म्हणून इमारती उभ्या राहिल्यात, त्यातल्या निम्म्यांचा नारळ ह्याच माणसानं फोडलेला. दहा वर्षं सरपंच, मग पंचायत समितीचा सभापती. पांढरी गाडी, मागंपुढं कार्यकर्ते, वाढदिवसाला पार हमरस्त्यापर्यंत फ्लेक्स. आणि आता तोच माणूस खांद्याला कापडी पिशवी अडकवून, लवळ्याच्या कॉलेजातल्या पोरापोरींना घेऊन ओढ्याच्या काठानं फिरायचा आणि सांगायचा, पाण्याची वाट अडवू नका. तिकीट कापलं म्हणून झाडं आठवली, असं पारावर म्हणायचे. सगळ्यात आधी मीच म्हणायचो.

मी कोंडिबा. ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं लिपिक होतो. हुद्दा लिपिकाचा, पण दाखले लिहिण्यापासून अण्णांच्या शिव्या खाण्यापर्यंत सगळी कामं माझीच. ग्रामसेवक यायचे, बदलून जायचे. ठरावाचं पुस्तक मात्र माझ्या हाती, कारण माझं अक्षर चांगलं. एवढं एक अण्णाही कबूल करायचे.

आता आमच्या गावची रीत सांगतो, खरी मेख तिथंच आहे. मासिक सभा म्हणजे चहा, भजी आणि सह्या. सदस्य आले की आधी कोऱ्या पानाच्या तळाशी सह्या करायचे. कुणाला भात लावायचा असायचा, कुणाला लग्नाला जायचं असायचं, बसायला वेळ कुणाला होता? वरचा मजकूर मी मागाहून लिहायचो, अण्णा सांगतील तसा. आधी सह्या, मग ठराव. यात काही वावगं आहे असं कुणाला कधी वाटलंच नाही. मलाही नाही.

तो ठरावही तसाच झाला. डोंगरावरून येणारा वाघजाईचा ओढा एका नव्या सोसायटीच्या जागेतून जात होता. अण्णा त्या दिवशी गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली केली आणि म्हणाले, "कोंड्या, ओढा लिहू नको. पावसाळी चर लिही." ओढा म्हटलं की त्याला हात लावता येत नाही, चर म्हटली की बुजवता येते. मी चर लिहिली. खाली सात सह्या आधीच झाल्या होत्या. त्यातली एक सारजाबाईची. महिलांच्या राखीव जागेवर ती निवडून आली होती, नाव लिहायला नुकती शिकली होती, आणि सही करताना जीभ दातात धरायची. तिचं घर त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला. लिहिताना मला ते ठाऊक होतं.

ओढा दोन सिमेंटच्या पायपात कोंबला. वर बाग झाली, घसरगुंडी झाली, संध्याकाळी बायका फेऱ्या मारू लागल्या. बारा वर्षं काही झालं नाही. तेराव्या वर्षी श्रावणात पावसानं दोन दिवस उघडीप दिली नाही. पायप तुंबले आणि भरदुपारी सोसायटीची भिंत फोडून पाणी खाली आलं. सारजाबाईची सून गौतमी गोठ्यात म्हशीचं दावं सोडायला गेली होती. म्हैस वाचली. गौतमी दुसऱ्या दिवशी पुलाखाली काट्याकुट्यात सापडली.

तिरडीला पुढचा खांदा अण्णांनी दिला. मला वाटलं, निवडणूक जवळ आली वाटतं. पण त्या दिवसापासून पांढरी गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. पक्षाच्या बैठकीला जायचं त्यांनी सोडलं. अर्ज लिहायचे, एसटीनं पुण्याला जायचे, कचेरीच्या बाकावर दिवसदिवस बसायचे. ज्यांना कधीकाळी ह्यांनीच नोकरीला चिकटवलं, ते शिपाई ह्यांना थांबा म्हणायचे. ह्यांचं एकच मागणं होतं, ओढा मोकळा करा, नाहीतर खालची घरं राहत नाहीत. शेवटी प्रांतसाहेबांपुढं सुनावणी लागली. आणि बिल्डरच्या वकिलानं पुढं काय केलं? माझ्या सुंदर अक्षरातला ठराव. ओढा नव्हताच, पावसाळी चर होती, आणि खाली सरपंच म्हणून खुद्द अण्णासाहेबांची सही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या ओसरीवर येऊन बसले. हल्ली ते मला कोंडिबा म्हणायचे. आयुष्यभर कोंड्या ऐकलेल्या माणसाला ते जरा टोचतंच.

"मी उद्या सगळं सांगणार हाय," ते म्हणाले. "कोऱ्या पानावर सह्या घेतल्या, शब्द मी बदलला. पण मी एकटा सांगून कोण इश्वास ठेवंल? लिहिलंस तू. तू फकस्त व्हय म्हन."

मी म्हटलं, बघू.

काय बघायचं होतं, ते मला माहीत होतं. माझा शैलेश त्याच बिल्डरकडं साइटवर सुपरवायझर. त्यांचा माणूस दोन दिवस आधीच येऊन गेला होता. गोड बोलून गेला. काका, सांगणारा सुटतो, पण खोटं लिहिणारा आत जातो, एवढंच म्हणाला. माझं डोकं भणभणलं. इतकी वर्षं ह्या माणसानं मला उभं राहू दिलं नाही, आणि आता ह्याला पुण्य हवंय म्हणून मी तुरुंगात जायचं? वा रे वा.

सुनावणीला गावातनं चौघंच आले होते. सारजाबाईचा मुलगा जयसिंग मागं भिंतीला टेकून उभा होता. अण्णा उठले आणि त्यांनी एक शब्द गाळला नाही. गाडीची काच खाली केली तेही सांगितलं. म्हणाले, "साहेब, तो ओढाच हाय. आमी त्याला चर केलं. त्या पोरीच्या मरणाला मी जबाबदार हाय, तसं लिहून घ्या." वकील हसला. मग साहेबांनी मला विचारलं, ठरावाची रीतसर सभा झाली होती का?

अण्णा माझ्याकडं बघत होते. आणि खरं सांगतो, भीती होतीच, पण खालून रागही उसळला. त्या दोन्हींनी मिळून माझ्या तोंडातून काढलं, "व्हय साहेब. सभा झाली. ठराव सगळ्यांसमोर वाचून दाखवला, मगच सह्या झाल्या."

संपलं. अर्ज फेटाळला. माजी सभापतींचं म्हणणं राजकीय वैफल्यातून आलेलं दिसतं, असं निकालात आलं. व्हरांड्यात मी पायऱ्यांकडं पळत होतो, तर अण्णांनी हाक मारली. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतात. वाजवली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कोंडिबा, तुझं काय चुकलं न्हाई. कोऱ्या पानावर लिहायला मीच शिकवलंय तुला." आणि छत्री काखेला मारून एसटीकडं गेले. त्यानंतर ते ओढ्याकडं दिसले नाहीत. पोरं एकदोनदा येऊन विचारून गेली.

मला वाटलं, मिटलं. दहा-बारा दिवसांनी सारजाबाई आली. पदराखाली पावट्याच्या शेंगा घेऊन आली होती, रिकाम्या हातानं कशी येईल! ओसरीवर बसली, पाणी प्यायली, शैलेशचं कसं चाललंय ते विचारलं. मग म्हणाली, "जयसिंग सांगत व्हता, तो ठराव समद्यांम्होरं वाचून दावला व्हता म्हनं."

मी मान हलवली.

"म्या बी हुते तितं?"

"व्हती की आक्का."

"मंग म्या आयकला असंल." ती शेंगांकडं बघत होती. "आयकला, अन् तरी सही केली. अन् तेच पानी गौतमीला घिऊन गेलं. मला आटवत कसं न्हाई रं, कोंडिबा? दहा दिस झालं, आटवून आटवून डोस्कं फुटाय लागलंय. वाचताना तू काय म्हनला व्हतास, सांग की. तुला ठावं असंल."

एवढंच सांगायचं होतं, की आक्का, पान कोरं होतं. तिथं ना वकील होता ना साहेब. ओसरीवर आम्ही दोघंच. अण्णांनी भर कचेरीत जे सांगितलं, ते मला माझ्या घरात एका म्हातारीला सांगायचं होतं.

मी म्हटलं, "लई वर्सं झाली आक्का. इसरली असशील."

"व्हय," ती म्हणाली. "इसरलेच असंन." आणि शेंगा निवडायला माझ्या बायकोकडं आत गेली.