न हलणारा आकडा

०

विमान अजून धावपट्टीवर होतं. चाचणीच्या खोलीत मात्र आत्ताच सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटले होते. वैमानिकासमोर जो पडदा, त्याचीच ही जुळी प्रत. मधोमध उंचीचा हिरवा आकडा. तो घडवला धाकटीनं, आणि विमान उडवणार होता तिचा थोरला भाऊ.

"काय गं शहाणे," हेडफोनमधून थोरला म्हणाला, "गुडघ्यापाशी हे काय चिकटवलंयस?"

"उंचीच्या जुन्या सुईवर ना? 'बघू नये' लिहिलंय. उद्या काढायचीच आहे ती. साहेबांना चाचणी निव्वळ पडद्यावर हवीय."

"बाबांना कळलं तर तुला घरात घेणार नाहीत."

१,६५०

बाबांनी तीस वर्षं विमानं उडवली ती सुईच्या भरवशावर. सुई नेहमी जराशी थरथरत असते. थरथरली नाही, की काचेवर नखानं टिचकी मारायची. टक्. ही खोड घरीही सुटली नाही. वजनकाट्यालासुद्धा टिचकी! "त्यानं वजन उतरत नसतं हो," आई म्हणायची.

धाकटीला ती थरथर म्हणजे नुसती कटकट वाटे. वैमानिकही कुरकुरत, आकडा नाचतो, डोळे शिणतात. मग तिनं आकडा शांत केला. बारीक हेलकावे गाळले. हवेचा दाब मोजणारी नळी बुजली, तर पडदा एकदम कोरा होऊन कुणी दचकू नये म्हणून शेवटचा आकडा तसाच धरून ठेवला. फक्त दोन सेकंद, मग पडदा कोरा.

३,९००

साहेब गिऱ्हाइकांना घेऊन आत आले. खुर्च्या सरकल्या.

४,२००

"ढगात शिरलो," थोरला म्हणाला. "दहा मिनिटं हीच उंची ना? इथं का-काही दिसत नाही बघ. हा-हाडं खिळखिळी होतायत."

४,२००

पाच मिनिटं झाली, त्याचा आवाज हिंदकळतच होता. आकडा नाही.

४,२००

"बघा," साहेब मागे म्हणाले, "लोण्यासारखा!"

धाकटी पडद्याकडे वाकली. बारीक हेलकावे तिनं गाळले होते, हाडं खिळखिळी करणारे नव्हे.

गेल्या आठवड्यात प्रात्यक्षिकात पडदा मध्येच कोरा झाला, तेव्हा साहेब म्हणाले होते, ती दोन सेकंदांची अट तेवढी काढ, आजच्यापुरती. तिनं काढली होती.

परत घातली होती का?

४,२००

"दादा, वर घे. आकडा मेलाय."

"अगं, छान स्थिर आहे. चार हजार—"

"दादा, सुई बघ! तिची नळी वेगळी आहे."

"तिच्यावर तुझा कागद आहे."

"फाड तो!"

"भावंडं आहेत हो," साहेब गिऱ्हाइकांना हसून म्हणाले. "भांडतात."

कानात खरवडल्याचा आवाज. पुन्हा खरवडल्याचा. गोंद तिनं भरपूर लावला होता; कामात हयगय तिला कधी जमलीच नाही.

"नऊशे," थोरला अगदी हळू म्हणाला.

खालच्या टेकड्या आठशे फुटांच्या होत्या.

इंजिन किंचाळलं. मग खरखर. मग तीही नाही.

४,२००

तिनं हात लांबवला आणि पडद्यावर नखानं टिचकी मारली. आकडा कशाला हलतोय! पुन्हा मारली.

टक्.

ही तिची नव्हती. ही कानात होती, लांबून आलेली. नख आणि काच.

टक्.

"हजार," थोरल्याला धाप लागली होती. "अकराशे. थरथरतेय गं ती. चढतोय."

हेडफोन एकट्या तिच्याच कानांना होते. ती वळली. मागे साहेब वही काढून उभे होते.

"पाहिलंत ना? एवढ्या ढगात जरासुद्धा हलला नाही. बोला, किती नग लिहून घेऊ?"

४,२००