खाजरं अळू

अंबाबाईने धान्याचं पुडकं परत पाठवलं, ही बातमी हर्षलाला टेंपोवाल्या राजेशने सांगितली, आणि तीही हसत हसत.

"ताई, तुमच्या माहेरच्या गावात एक म्हातारी आहे, भारी ताठ. पुडकं पुढे केलं तर म्हणते, ज्याला लागतंय त्याला दे. आणि स्वतः बसलीय शाळेच्या ओट्यावर कोरा चहा पीत. आज सकाळी नळावर चक्कर येऊन पडली, तरी नाही म्हणजे नाहीच."

"नाव काय तिचं?"

"अंबाबाई."

हर्षलाने हातातला फोन खाली ठेवला.

खालापूरला तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत तिच्या संस्थेचं कार्यालय होतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गरीब घरांसाठी संस्थेची जी कामं चालत, ती सारी हर्षला पाहायची. बायकांना कोंबड्या देणं, मुलींची शाळा सुटू न देणं, कुठे घर पडलं तर पत्रे पोचवणं. यंदा पाताळगंगेला पूर आला आणि तिच्याच गावाची खालची आळी पाण्याखाली गेली. मातीच्या भिंती बसल्या. माणसं शाळेत राहायला आली. तेव्हापासून दिवसाआड संस्थेचा टेंपो तिथे जात होता. रांग लागायची, पुडकं मिळायचं, देणगीदारांना पाठवायला फोटो निघायचा. हा शिरस्ता हर्षलानेच घालून दिला होता. कुणी वगळलं जाऊ नये आणि कुणी दोनदा नेऊ नये म्हणून.

"उद्याही टेंपो काढ, मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "आणि शिळफाट्याहून भाजी घेऊ. पुरे झाली ती कोरडी पुडकी. शाळेतच चूल मांडू."

दुसऱ्या दिवशी टेंपो गावात शिरला तेव्हा ऊन पडलं होतं. मागे गॅसची शेगडी, तांदूळ, डाळ आणि शिळफाट्याच्या बाजारातल्या अळूच्या जुड्या होत्या. हर्षलाने घरून एक मोठा टोपही आणला होता, झाकणासकट. आईचा. का आणला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

अंबाबाई ओट्यावर खांबाला टेकून बसली होती. केस पार पांढरे झालेले, पण नऊवारी तशीच चापून नेसलेली.

"कोन, हर्षली काय गं?"

"हो काकी, मीच." हर्षला तिच्याजवळ टेकली. हात हातात घेतला तर तो अगदी हलका लागला. "काकी, पुडकं का परत केलंत?"

"मला नको."

"पडलात म्हणे काल."

"पाय घसरला. शेवाळ हाय तितं."

"काकी, ते सगळ्यांसाठी आहे. सगळे घेतात."

"घेऊंदेत की. मी कवा कोनाच्या लायनीत उबी राह्यली नाय." अंबाबाईने हात सोडवून घेतला. "आनि तो तुजा मानूस फोटू काढतो. हातात पुडकं घेऊन मी हसू काय? गोमा असता तर काय म्हनला असता?"

गोमा म्हणजे तिचा नवरा. जाऊन बरीच वर्षं झाली होती.

हर्षलाने समजावलं, विनवलं, शेवटी जरा आवाजही चढवला. अंबाबाईने तोंड फिरवून घेतलं. अशाने म्हातारी आठवडाभरही तग धरणार नाही, हे हर्षलाला दिसत होतं. मन वळवण्याचं तिचं सारं कसब माहेरच्या या ओट्यावर फुकट गेलं होतं.

ती उठली आणि खालच्या आळीकडे चालू लागली. चिखल वाळत आला होता. तिचं माहेरचं घर कधीच विकलं गेलं होतं. शेजारचं अंबाबाईचं घर म्हणजे आता मातीचा ढीग आणि त्यातून वर आलेले वासे. मात्र मागे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू जिथल्या तिथे उभं होतं. पानं सुपाएवढी, त्यांवर पाण्याचे थेंब घरंगळत होते. पूर येऊन गेल्याचं त्याला जणू ठाऊकच नव्हतं.

हर्षला ते बघतच राहिली.

ती लहान असताना एका पावसाळ्यात तिच्या बाबांचा पाय मोडला. मोहोपाड्याला कारखान्यात जात होते ते, घरी बसले. चुलीवर काही चढायचं नाही असेही दिवस आले. अशा वेळी संध्याकाळी कुंपणापलीकडून हाक यायची.

"हर्षले! आयेला सांग, थोडं अळू दे. आमचं मेलं खाजरं हाय. घसा नुसता कुरतडतं!"

मग आई लगबगीने उठायची. चांगली पानं निवडून, देठांसकट जुडी बांधून द्यायची. तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसायचा, चार पाहुणे घरी आल्यासारखा. थोड्या वेळाने पलीकडून टोप यायचा. चिंच-गूळ घातलेलं अळूचं फतफतं आणि खाली वाफाळता भात, घरच्या पाचही माणसांना पुरेल एवढा. "तुमच्या अळूचंच हाय," अंबाकाकी सांगायची. आई टोप घासायची आणि परत पाठवताना त्यात पुन्हा चार पानं घालायची. रिकामं भांडं शेजारी द्यायचं नाही, असं होतं. तो सगळा पावसाळा असाच गेला. छोट्या हर्षलाला वाटायचं, बिचारी काकी! एवढं मोठं परस आणि त्यात खायला होईल असं अळू नाही.

लग्नानंतर खालापूरला बिऱ्हाड केलं तेव्हा हर्षलाने आईकडे अळूचा गड्डा मागितला. आई माती उकरता उकरता म्हणाली, "अंबावहिनींनीच दिला होता हा मला. त्यांच्याच परसातला."

"मग त्यांचं खाजरं कसं?"

आईने कुंपणापलीकडे पाहिलं आणि गड्ड्याची माती झटकत राहिली.

हर्षला भराभर शाळेकडे परत आली.

"काकी," ती धापा टाकत म्हणाली, "अडचण झालीय. आज पोरांसाठी अळू करणार होतो. पण बाजारचं आणलं ते खाजरं निघालं."

राजेश जुड्या उतरवत होता. "ताई, ते तर अजून शिजवलंच ना..." हर्षलाने त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलं.

अंबाबाईने आधी राजेशकडे, मग जुड्यांकडे, मग हर्षलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लय खाजतं?"

"घसा नुसता कुरतडतं काकी."

म्हातारीच्या तोंडाचा कोपरा हलला. खांबाला धरून ती उठली. "विळा हाय काय कोनाकडं? चल, हात दे. आनि पोरींनाबी घे बरोबर. हल्लीच्यांना देठ सोलता येत न्हाईत."

शाळेच्या ओट्यावर मग अंबाबाईच्या परसातल्या अळूचा ढीग पडला. अंबाबाई मध्ये बसली आणि भोवती पोरी. "हाताला तेल लाव आदी. हा, आता टोकाला धर, साल वडत ने खाली. तोडू नको गं, सुरभे, सावकाश. घाई कोनाला हाय?" सुरभीचा देठ तीनदा तुटला, तरी म्हातारी वैतागली नाही. चौथा देठ तिच्या हाती दिला. फोटो काढायला कुणी आलं नाही. हर्षलाने राजेशला दम भरून ठेवला होता.

पंगत बसली तेव्हा हर्षलाने आईच्या टोपात भात घातला, वर फतफतं ओतलं आणि टोप अंबाबाईपुढे ठेवला.

"तुमच्या अळूचंच आहे."

अंबाबाईने टोपाच्या कडेवर कोरलेलं आईचं नाव बोटाने चाचपलं. तिला वाचता येत नव्हतं, पण टोप तिने ओळखला.

"थाप मारायला कोनाकडं शिकलीस गं?"

"शेजारीण होती आमची एक."

अंबाबाईने घास कालवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

राजेश मागून हळूच आला. "ताई, त्या बाजारच्या जुड्यांचं काय करू?"

हर्षला उत्तर देणार, तेवढ्यात अंबाबाईच मान वर न करता म्हणाली, "खालापूरला ने परत. खाजऱ्या हायेत त्या."