शेवटच्याची घंटी

वर्धा मुंबई राज्यात गेल्यावरची ती पहिलीच होळी. ती झाली, रानात पळसाले पान उरलं नाई, नुसतं फूल; अन् पायदळ मंडळानं केळझरच्या देवळामागची टेकडी चढायचं ठरवलं.

मंडळ वासुदेवरावांचं. ड्रॉइंग मास्तर होते. पेन्शन लागली, घरात बसवेना, म्हणून दर रविवारी चार लोकायले घेऊन रानात चालू लागले. चाराचे वीस झाले. मंडळाचा कायदा एकच. सगळ्यायनं एका ओळीत चालायचं, अन् जो सगळ्यात मागं त्याच्या कमरेले गाईच्या गळ्यातली पितळी घंटी. मागून घंटी वाजते तोवर ओळ चालते. घंटी बंद झाली का ओळ थांबते. मागं वळून पाहायचं काम नाई.

कांता सोळाची. नववीत गणिताच्या मास्तरनं छडी उगारली तर तिनं ती हिसकून खिडकीतून भिरकावली, तिच्या मागं स्वतःचं दप्तरही, अन् त्या शाळेचं तोंड पुन्हा पाह्यलं नाई. मंडळात ती रुख्मा आत्याच्या पदराले धरून आली होती. पण इथंही बायायचं काम ठरलेलं. बायायनं टेकडीच्या पायथ्याशी थांबायचं, चूल मांडायची, भाकरी थापायची. पुरुष वर जाऊन येतील अन् जेवतील. दोन रविवार कांतानं भाकरी थापल्या. तिसऱ्या रविवारी ती मास्तरांशी भांडली.

"बरं," केळझरच्या देवळापाशी मास्तर म्हणाले. "भाकरी आज बांधून घेऊ, वरच खाऊ. तू अन् रुख्माबाई माथ्यावर या. आल्या, तर यापुढं बाया वर चालतील, कायम. नाई आल्या, तर चूल खालीच. मंग मले बोल लावजो नको."

"चूल पेटवूनच ठेवा मास्तर," बापूराव हसला. कापसाच्या दलालाकडं मुनीम होता, पोट त्याच्या आधी दाराबाहेर निघायचं. "अर्ध्यातून वापस येतात ह्या." अन् त्यानंच घंटी आणून कांताच्या हातात दिली. "घे. मागं तुमीच राहणार."

कांताचा जीव पहिल्यापासून ओळीच्या तोंडाशी, सगळ्यात पुढं चालायचा. तिचे कान लाल झाले. तोंड उघडणार तोच आत्यानं तिच्या दंडाले चिमटा घेतला.

"तोंड राहू दे. पाय चालव."

तशी ओळ निघाली. वाट दगडाची. मोहाच्या झाडाखाली गावच्या लोकायनं पालापाचोळा जाळून जमीन काळी अन् साफ करून ठेवली होती, त्यावर टपटप फुलं पडून राह्यली होती. वासच असा का भूक लागावी. रुख्मा आत्या पन्नाशीची, पण एका चालीनं चालत होती. कांता तिच्या मागं, अन् कमरेले घंटी, टिणिंग टिणिंग. स्वतःलेच ढोर झाल्यासारखं वाटे.

अर्ध्या चढावर आत्याच्या चपलेचा अंगठा तुटला.

"थांब वो," आत्या दगडावर टेकली. घंटी बंद झाली.

"थांबतील ते. कायदाच आहे," कांता म्हणाली.

दोघी वाट पाहत बसल्या. कोणी थांबलं नाई. वरून बापूरावचं हसणं आलं, मंग आणखी वरून आलं, मंग आलंच नाई.

"ओ मास्तर! ओऽऽ!"

टेकडीनं तिचंच ओरडणं तिले वापस दिलं.

"पाह्यलं? मुद्दाम सोडलं आपल्याले! आपण पोचूच नाई म्हणून!" कांतानं कमरेची घंटी सोडली अन् जोरानं भिरकावली. ती एका दगडावर आपटली, अन् खाली बोरीच्या जाळीत गेली.

आत्या तुटकी चप्पल हातात घेऊन तिच्याकडं पाहत राह्यली. छडी फेकल्यावर घरी जशी पाहत होती, तशीच.

अन् तेवढ्यात घंटी वाजली.

टिणिंग. टिणिंग. जाळीतून नाई, डावीकडच्या नाल्यातून. कांतानं पुढं होऊन पाह्यलं. गावच्या गाई मोहाचं फूल खाऊन राह्यल्या होत्या, अन् दोघीतिघींच्या गळ्यात तशीच पितळी घंटी.

"माय वो," कांता म्हणाली. "आत्या, मास्तर हेच ऐकून राह्यले. त्यायले वाटते आपण मागंच आहो."

"मंग आता? खाली चालतं?"

कांतानं वर पाह्यलं. खाली पाह्यलं. खाली देऊळ दिसत होतं, अन् त्याच्या बाजूले चुलीसाठी रचलेले तीन दगड.

"नाई," ती म्हणाली. "पह्यले घंटी."

ती पोटावर झोपून बोरीच्या जाळीत शिरली. काट्यानं दोन्ही हात ओरबाडले, वेणी अडकली, ती ओढून सोडवली. घंटी घेऊनच बाहेर आली. एका बाजूनं पोचा पडला होता, पण वाजत होती. मंग पळसाची कोवळी फांदी मोडली, तिची साल सोलली अन् आत्याच्या पायाले चप्पल घट्ट बांधून टाकली.

पुढं वाटेच्या चार वाटा झाल्या, सगळ्या ढोरायनं पाडलेल्या. कांता वाकली. मास्तरांच्या काठीले खाली लोखंडी टोक होतं. जिथं मास्तर, तिथं मातीत बोटाएवढं भोक. ते तिनं दोन्ही रविवारी पायथ्याशी पाह्यलं होतं.

"हे पाह्य, इकडून गेले."

भोकाभोकानं दोघी चढल्या. आत्याले धाप लागली का कांता थांबे, पाणी देई, पुन्हा चाल. शेवटी माथ्याच्या खालचा खडक आला. वरून बापूरावचा आवाज: "घंटी तर कवाची वाजून राह्यली मास्तर! चालून राह्यल्या का नाचून? भूक लागली ना!"

कांताच्या पायात वारं भरलं. एक उडी मारली का ती वर. पण कमरेची घंटी वाजली, अन् तिनं पाय मागं घेतला. घंटी शेवटी जाते.

"आत्या, तू चढ. मी खालून लोटतो."

"पडीन ना पोरी!"

"पडली तर माह्यावर पडजो. चढ."

आधी आत्याचं डोकं वर निघालं, मंग आत्या, मंग कांता, टिणिंग टिणिंग. वर सगळे नाल्याच्या बाजूले तोंड करून बसले होते. सगळे वळले.

"अरे!" बापूराव उभाच राह्यला. "तुमी इकडून? मंग तिकडं कोण वाजवून राह्यलं?"

"गाय," कांता म्हणाली. "तिलेही जेवाले बोलावलं का तुमी?"

माथाभर हसू फुटलं. मास्तर हसले नाई. त्यायनं तिचे ओरबाडलेले हात पाह्यले, आत्याच्या पायातली पळसाची साल पाह्यली. मंग घंटी हातात घेतली.

"याले पोचा कसा पडला?"

कांताची मान खाली गेली.

"गाईनं लाथ मारली," रुख्मा आत्या म्हणाली, अन् पाण्याचा तांब्या तोंडाले लावला.

मास्तरायनं पोच्यावरून अंगठा फिरवला. "म्या वळून पाह्यलंच नाई," ते म्हणाले. "बाया कायम वर येतील. बोललो ते बोललो."

"अन् कायदा?" कांतानं इचारलं. "तो तसाच का?"

"तू सांग."

"नुसत्या घंटीवर चालायचं नाई. पुढच्यानं हाक मारायची, मागच्यानं ओ द्यायची. अन् उतरताना घंटी यायले." तिनं बोट बापूरावकडं केलं.

उतरताना ओळीच्या तोंडाशी कांता होती, तिच्या मागं आत्या. नाल्यापाशी आल्यावर तिनं हात वर केला. ओळ थांबली. मागून घंटी वाजतच होती, टिणिंग टिणिंग.

"बापूराव! ओ द्या!"

टिणिंग.

"चाल ना वो पोरी, वाजते तर," मधातून कोणी बोललं.

कांता जागची हलली नाई. "ओ द्याऽऽ!"

लय वरून, भाकरीनं भरलेल्या तोंडातून आवाज आला: "ओऽऽ! आलो ना बाप्पा, थांबा!"

ती थांबली. बापूरावचं पोट झाडीतून बाहेर निघेपर्यंत थांबली. मंग तिनं पाय उचलला.