रंगूबाईच्या हळदीची गोणी

मित्रांनो, मी हळदीची एक जुनी गोणी आहे. सांगलीच्या एका वखारीत सगळे माझ्याकडे संशयानं बघत होते, तेव्हाची ही गोष्ट.

मी बंगालच्या तागाची. १९७४ साली कृष्णाकाठच्या रंगूबाईकडे आले. तिचा नवरा फौजेत होता. हळद तिनं एकटीनं काढली, शिजवली, अंगणात वाळवली. मला गच्च भरून दाभणानं तोंड शिवलं, तेव्हा मला माझाच अभिमान वाटला.

तिथून मी व्यापारी कल्लाप्पांच्या वखारीत आले. ते हळद ड्रममध्ये घासून, चकचकीत करून परदेशी धाडत. रंगूबाईच्या चार गोण्या आधीच जहाजानं गेल्या होत्या. मी मागं राहिले होते. एवढ्यात तिकडून पत्र आलं : हळदीत वरून लावलेला रंग सापडला आहे. माल कुणाच्या शेतातून, कुणाकुणाच्या हातून आला ते लिहून कळवा; नाहीतर यापुढे एक गोणीही उतरवून घेणार नाही.

वखारीतलं वारंच फिरलं. हमाल माझ्याकडे आणि एकमेकांकडे तिरकं बघू लागले. कल्लाप्पांनी गेलेल्या गोण्यांची नावं वहीत धुंडाळली, उत्तराच्या कागदावर रंगूबाईचं नाव लिहिलं आणि तिला बोलावलं.

"अक्का, खरं सांग. हळदीला काय लावलंस?"

"आवं अण्णा, माझ्या घरात कुंकवाबिगर रंग न्हाई! त्या कागदावर माझं नाव घातलंय व्हय?"

कल्लाप्पांनी हातातला कागद उलटा केला. नाव घातलेलंच होतं.

"मग दोन गलास पाणी आणा," ती म्हणाली.

एका पेल्यात तिनं माझ्यातलं, अजून न घासलेलं हळकुंड टाकलं. दुसऱ्यात ड्रममधून निघालेलं. माझ्या हळकुंडाचं पाणी जरा गढूळ झालं, बस. दुसरं बघता बघता पिवळंजर्द झालं.

"माझ्या घरनं निघाली तवा हळद अशी हुती. येवढी पिवळी कुठं झाली, ते तुमीच बघा."

सगळ्यांच्या नजरा ड्रम चालवणाऱ्या बिराप्पाकडे गेल्या. तो खाली बघत म्हणाला, "चमक यावी म्हणून जयपालशेठनी पुड्या दिल्या हुत्या. म्या टाकल्या."

जयपाल म्हणजे कल्लाप्पांचे जावई. कल्लाप्पांनी तो कागद फाडला, नवा लिहिला आणि वाचून दाखवला : रंग आमच्याच वखारीत लागला.

रंगूबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं कागद घेतला आणि दारात आलेल्या पोस्टमनपुढे धरला. "तुमी वाचा वो जरा." त्यानंही तेच वाचलं. कल्लाप्पांना मान वर करवेना.

मला परत न्यायला ती पुढं आली, तसे ते म्हणाले, "गोणी तरी राहू दे, अक्का."

"न्हाई अण्णा. नाव घालायच्या आधी इचारलं असतं, तर ठिवली असती."

आणि तिनं मला गाडीत घालून परत नेलं.

मित्रांनो, आज मी विरले आहे, शेळीच्या पिलांखाली पडून असते. मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच मागते. आणि कुणावर बोट ठेवण्याआधी आपल्या घरातला ड्रम एकदा उघडून बघा.