सहीनंतर लावलेला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधून जे पितळेचं वजन खाली सोडतो, तो मी. ज्या गवंड्याने मला विकत घेतलं, त्याच्या खिशात माझी तीस वर्षं गेली.

तो कमी बोलायचा. भिंतीला लाकडी ठोकळा टेकवायचा, मला खाली सोडायचा आणि मी डुलायचं थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. थोडा फरक दिसला तरी विटांचे ताजे थर उतरवायला लावायचा. हाताखालचे लोक कुरकुरत, पण घरमालक त्याचं नाव काढत. पुढे त्याचे गुडघे गेले, उजेडाची रेघ मारणारी यंत्रं आली आणि मी गंजक्या खिळ्यांसोबत पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो.

गवंड्याची मुलगी परिचारिका आहे. तिने आणि जावयाने नव्या इमारतीत घर घेतलं, तेही फक्त सजवलेलं नमुन्याचं घर पाहून. ताबा मिळायच्या दिवशी गवंड्याने मला पुसून खिशात घातलं. मुलगी संकोचली.

"बाबा, तिथे सगळे शिकलेले लोक असतात. हे लोढणं कशाला?"

त्याने मला परत डब्यात ठेवलं. त्याच्याइतकाच मीही दुखावलो. तिथे काय झालं ते मला नंतर मुलीच्या तोंडून कळलं. बिल्डरच्या कार्यालयात गोड बोलणाऱ्या विक्रेत्याने किल्ल्यांआधी एक कागद पुढे सरकवला. 'घर तपासून घेतले, तक्रार नाही,' असं त्यावर आधीच छापलेलं होतं. मागे रांग होती. तिने सही केली आणि मग घर पाहिलं.

महिन्याभरात घराने आपले गुण दाखवले. झोपायच्या खोलीचं दार लागेना. न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे जायचं सोडून बाहेर वाहू लागलं. त्या ओलीवर जावयाची आई घसरली आणि तिचं मनगट मोडलं.

दुसऱ्याच दिवशी मुलगी माहेरी आली. तिने स्वतः डबा उघडला आणि वडिलांना व मला सोबत नेलं. गवंड्याने दाराशेजारच्या भिंतीला ठोकळा लावला. भिंत सरळ असती तर मी तिला जेमतेम शिवलो असतो; मी खाली गेलो, स्थिरावलो, तर माझ्यात आणि भिंतीत दोन बोटं अंतर. इतकी वाकडी भिंत मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि वरून तिला काय गुळगुळीत रंग!

तिथून आम्ही कार्यालयात गेलो, तर विक्रेत्याने शांतपणे तिचीच सही तिच्यापुढे धरली. "ताई, तुम्ही तपासून घेतलंत ना?"

"तिने तपासलं नाही, ही तिची चूक," गवंडी म्हणाला. "पण भिंत तिने नाही बांधली."

त्यावर त्याला दाराबाहेरची वाट दाखवण्यात आली. त्या वेळी मी दोरीला नव्हे, त्याच्या मुठीत होतो.

इमारतीत अजून बारा कुटुंबांना ताबा मिळायचा होता. मुलगी दर सुट्टीला फाटकाशी उभी राहून प्रत्येकाला सांगू लागली, की आधी घर पाहा, मग सही करा. त्या कुटुंबांनी गवंड्याला सोबत घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तो जिने चढला. त्याने भिंतींना मला लावलं, जमिनीवर बादल्या ओतल्या, दारं-खिडक्या लावून पाहिल्या. मुलीने नकाशा हातात धरून खोल्या मोजल्या आणि राहायला परवानगी मिळाल्याचा सरकारी कागद मागितला. तो कागद आलेलाच नव्हता! बाराही कुटुंबांनी दोष लिहून दिले आणि सहीला नकार दिला. शेवटी बिल्डरला त्या घरांच्या वाकड्या भिंती फोडून पुन्हा बांधाव्या लागल्या.

मुलीच्या घराची तक्रार मात्र अजून रेंगाळते आहे. सासूबाईंचं मनगट आता पूर्ण वळत नाही. सही झालेली होती ना!

मित्रांनो, उद्या तुम्हीही घर घ्याल. नमुन्याचं घर पाहून भुलू नका. तुमचं घर दिवसाउजेडी पाहा, कागद वाचा, पाणी ओता, नळ सोडा, जाणत्या माणसाला सोबत न्या. भिंतीला ओळंबा लावताना कोणी हसलं तर हसू द्या. हसणारा त्या घरात राहणार नाही, तुम्ही राहणार आहात.