मागच्याला दिसणारा दिवा

"अहो, थांबा, थांबा! ब्रेक तसाच दाबून ठेवा जरा."

साधनाबाई नवऱ्याच्या जेवणाचा डबा हातात धरून फाटकाशी उभ्या होत्या. सकाळच्या धुक्यामुळे दिवे लावून गाडी मागे घेता घेता धनराज मेश्रामांनी थांबवली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"काय झालं आता?"

"मागचा लाइट लागूनच नाई राह्यला."

"लाल दिसते का नाई?"

"दिसते, पण मिणमिण. ब्रेक दाबला का तो भकदिशी लागाले पायजे ना? दोन्हीकडं तसंच हाय. मी बल्ब आणून देल्ले त्याले तीन आठवडे झाले. पुडी तशीच पडून हाय गाडीत."

"उद्या लावतो."

"तुमचा उद्या कधी उजाडते?"

धनराज हसले. "अवं, मागचा लाइट मले दिसते का? मले समोरचं दिसलं म्हणजे झालं. मागचा पाह्यते त्याचं तो."

आणि ते निघून गेले. वाचकहो, हे वाक्य याच शब्दांत नसेल, पण आपण प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारलेले आहे. म्हणून धनराजांवर लगेच रागावू नका.

माणूस वाईट नव्हता. गडचिरोलीत घर आणि धानोऱ्याच्या एका कचेरीत कारकुनी. रोजची ये-जा सतरा वर्षांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून. कधी कोणाला टाकून बोलले नाहीत, कधी चहासुद्धा फुकटचा प्यायले नाहीत. फक्त ज्या गोष्टीचा त्रास स्वतःला होत नाही, ती गोष्ट त्यांच्याकडे उद्यावर जाई. मग ती कोणाची फाइल असो की गाडीचा बल्ब.

त्या बल्बाचे थोडे समजावून सांगायला हवे. मागच्या लाल काचेआड बल्ब एकच असतो, पण त्यात तारा दोन. समोरचे दिवे लावले की पेटते ती बारीक, आणि ब्रेक दाबला की भडकते ती जाड. धनराजांच्या गाडीतली डावीकडची जाड तार वर्षापूर्वी जळाली होती, उजवीकडची महिन्यापूर्वी. बारीक तारा मात्र शाबूत होत्या. त्यामुळे सांज झाली की मागे दोन लाल ठिपके दिसत आणि पाहणाऱ्याला वाटे, सगळे ठीक आहे.

आणि पाहणारे पुष्कळ होते.

धानोऱ्याहून येताना वाटेत दाट जंगलाचा एक पट्टा लागतो. दोन वर्षांपासून तिथे वाघाचा वावर वाढला, तेव्हापासून दुचाकीवाल्यांनी आपली एक रीत पाडली. सायंकाळी त्या पट्ट्यात एकट्याने शिरायचे नाही. जंगलाच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर थांबायचे. चारचाकी आली की तिच्यामागे रांग धरायची आणि जंगल संपेपर्यंत तिला चिकटून राहायचे. अंतर पडू द्यायचे नाही, कारण वाघ मागे राहिलेल्याला धरतो असा सगळ्यांचा समज. खरे-खोटे वाघाला ठाऊक.

धनराजांची गाडी रोज ठरल्या वेळी टपरीपाशी येई आणि चाळिसाच्या वर कधी पळत नसे. लोकांनी तीच धरली. "साहेबाची गाडी आली, चला!" अशी हाक उठली की धनराजांना बरे वाटे. कचेरीत त्यांना साहेब कोणीच म्हणत नसे.

त्याच दिवशी आठवडी बाजार होता. महिना डिसेंबरचा. टपरीवर चार दुचाक्या थांबल्या होत्या. पुढे लहानू आणि त्याची बायको मीराबाई. तळ्यातली मासळी बाजारात विकून दोघे लुनावरून गावी परतत होते. त्यांच्यामागे स्कूटीवर उपकेंद्रातली नर्स उर्वशी, आणि दोन मोटरसायकलींवर कामावरून परतणारे पाच मजूर.

"साहेब, आज उशीर केला गा," मीराबाई म्हणाली. "वाघाची जेवणाची वेळ झाली ना!"

"मीराबाई, तुमच्या टोपलीतली मासळी सोडून तो मले कायले खाईन?"

"हाव, तुमच्या अंगावर हाय तरी काय! कागदाची चव लागन त्याले."

सगळे हसले आणि रांग जंगलात शिरली.

सूर्य बुडाला होता, उजेड अजून पुरता गेला नव्हता. साग आणि बांबूच्या मधून रस्ता करडा दिसत होता. धनराजांनी समोरचे दिवे लावले. आरशात लुनाचा पिवळा दिवा अगदी जवळ दिसला. रोजच्यासारखाच. अर्धे जंगल मागे पडले असेल नसेल, तोच उजवीकडे वानरे एकदम खेकसली. वळण संपले आणि समोर रस्त्याच्या मधोमध ती उभी होती.

वाघीण!

पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली. तिने मान वळवून पाहिले. दिव्यांच्या उजेडात तिचे डोळे हिरवे चमकले आणि धनराजांना वाटले, काच नाहीच, आपल्या दोघांत काहीच नाही.

तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला. गाडी हादरली. एक किंकाळी उठली आणि पत्रा घासल्याचा आवाज डावीकडे उतारावर गेला. वाघीण दचकली. एका झेपेत तीही डावीकडच्याच बांबूत शिरली.

धनराजांनी त्या क्षणी काय केले? खिडकीची काच चार बोटे उघडी होती, ती त्यांनी घाईघाईने वर केली. हे त्यांनी पुढे स्वतःच अनेकांना सांगितले, म्हणून इथे लिहिता येते.

"अवो, पाय अडकला माझा! अवो!" मीराबाईचा आवाज गवतातून येत होता.

कोणीतरी काचेवर थापा मारू लागले. लहानू होता. कपाळातून रक्त गळत होते. "साहेब! उतरा ना, साहेब! बाई पडली माझी! लुना अंगावर हाय तिच्या!"

धनराजांचा हात दाराच्या कडीवर होता, पण कडी ओढवत नव्हती. मीराबाई पडली त्याच बाजूला वाघीण गेली, त्याच बाजूला! मग मीराबाई पुन्हा ओरडली. या वेळी आवाज बारीक होता, दमलेला. धनराजांनी डोळे मिटले आणि दार ढकलले.

पुढचे सगळे धावपळीत झाले. लहानू आणि धनराज गवतात उतरले. मजुरांनी मोटरसायकली आडव्या लावून दिवे बांबूकडे वळवले आणि हॉर्न वाजवत राहिले. टोपली पालथी पडली होती, उरलेली मासळी गवतात पसरली होती, आणि तिचा वास सुटला होता. तो वास वाघिणीलाही येत असणार, हे जाणून धनराजांनी एकदा बांबूकडे पाहिले. दोघांनी लुना उचलली. मीराबाईला बखोटीला धरून रस्त्यावर आणले. उर्वशीने तिचा घोटा दाबून पाहिला.

"हाड मोडलं नाही वाटत. पण टेकवू नका पाय." तिने ओढणी फाडून पट्टी बांधली.

"साहेब, ब्रेक मारला तं लाइट काऊन नाई लागला?" लहानूने विचारले. "मी त्या लाइटवरच नजर ठेवून होतो. तो तसाच्या तसा होता. मले वाटलं गाडी चालून राह्यली."

"वाघीण आली ना समोर," धनराज पुटपुटले. "मी काय करणार?"

"वाघीण तुमाले दिसली, साहेब," मीराबाई म्हणाली. वेदनेने तिचा आवाज चिरका झाला होता, पण शब्द स्वच्छ होते. "आमाले कुठी दिसते? आमच्यापुढं तुमची गाडी. आमाले फक्त तुमचा लाइट दिसते. तो लागला तं आमी थांबतो, नाई लागला तं चालतो. तुमी आमचे डोळे हाव इथी. अन् तुमी डोळे मिटून बसले!"

"मीराबाई, मले काय माहीत..."

"माहीत नोयतं?"

खोटे बोलणे सोपे होते. कोणाला काय कळणार होते?

एवढ्यात उजवीकडे वानरे पुन्हा खेकसली. सगळ्यांनी माना वळवल्या. वाघीण डावीकडे गेली होती, मग उजवीकडे कोण?

"पिल्लं असन तिची," एक मजूर हळूच म्हणाला. "ते रस्ता ओलांडाले पाहून राह्यले असन. आपण मधात उभे हावो."

पिल्लांच्या आणि आईच्या मधे उभे राहणे म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"चला, निघा!" धनराज ओरडले. "गाडीत बसा जेवढे मावते तेवढे!"

"आठ जण आहोत आम्ही," उर्वशी म्हणाली. "चार बसतील. बाकीच्यांना इथं ठेवता का? आणि सर, स्पष्ट सांगते, या गाडीमागं आता मी येणार नाही. तुम्ही पुन्हा ब्रेक माराल, मला कसं कळणार?"

धनराजांनी ओठ ओले केले. मग मान खाली घालून म्हणाले, "बल्ब हाय माझ्यापाशी."

"काय?"

"तीन आठवड्यांपासून हाय गाडीत. बायकोनं आणून देल्ला. मी लावला नाई."

पहिली बोलली ती मीराबाईच. "बरं झालं वाघिणीनं तुमाले धरलं नाई. तुमी तिले म्हणले असते, बाई, उद्या ये." दुखत असतानाही ती हसली. तिचे ते हसणे धनराजांना शिवीपेक्षा जास्त लागले.

ते पुडी आणि पेचकस घेऊन गाडीमागे गुडघ्यांवर बसले. उर्वशीने मोबाइलचा उजेड धरला. उजवीकडच्या लाल काचेचे स्क्रू गंजलेले होते. पाठीमागे उघडा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, आणि पाठ तर माणसाला दिसत नाही. दर क्षणी त्यांना वाटे, आता मानेवर श्वास लागेल. स्क्रू फिरला. काच निघाली. जुना बल्ब दाबून फिरवला तसा बाहेर आला. काचेच्या पोटात काळा डाग धरला होता. एवढासा डाग!

नवा बल्ब हातातून निसटला, आपटला आणि फुटला.

"अरे देवा!" लहानू म्हणाला.

दुसरा, शेवटचा बल्ब त्यांनी दोन्ही हातांनी धरला. तो आत बसेना. त्यांनी जोर लावला.

"थांबा सर, जोर नका लावू," उर्वशी वाकून म्हणाली. "बघा, कडेचे दोन खिळे सारखे नाहीत. एक वर आहे, एक खाली. उलटा धरलाय तुम्ही."

त्यांनी बल्ब अर्धा फिरवला, दाबला, वळवला. खट् करून तो बसला.

"आता ब्रेक कोण दाबन?" धनराजांनी विचारले.

मीराबाई एव्हाना गाडीत, पुढच्या सीटवर होती. ती हातांवर जोर देत सरकत चालकाच्या जागी गेली. जन्मात ती त्या जागी बसली नव्हती. "कोनचा दाबू?"

"मधला!" धनराज मागून ओरडले.

तिने चांगल्या पायाने मधला दाबला आणि लाल प्रकाश भडकला! काच अजून लावायची होती. उघडा बल्ब धगधगत होता. उजेड धनराजांच्या चष्म्यावर, उर्वशीच्या हातावर, लहानूच्या कपाळावरच्या रक्तावर पडला. धनराज उठून चार पावले मागे गेले, जिथे रोज लुना असते तिथे उभे राहिले, आणि पाहत राहिले. सतरा वर्षे ही गाडी त्यांची होती. पण तिच्या मागे, तिच्यावर विसंबून चालणाऱ्याच्या जागी ते आज पहिल्यांदा उभे होते. इथून वाघ दिसत नव्हता, वळण दिसत नव्हते. समोर होती फक्त गाडीची पाठ आणि हा दिवा. एवढ्यावर ही माणसे रोज आपला जीव सोपवतात! आणि आपण साहेब म्हणवून घेत होतो!

"लागला का, साहेब?" आतून मीराबाईने विचारले.

"लागला," धनराज म्हणाले. "माझी चूक झाली, मीराबाई. मले माहीत होतं. सगळं माहीत होतं."

"ते मंग बोला. अदी इथून हाला!"

काच लावली. रांग पुन्हा निघाली. मीराबाई गाडीत, वाकड्या हँडलची लुना मागे, तिच्यामागे बाकीचे. सगळ्यांनी दोन हात जास्त अंतर ठेवले होते. एकच दिवा होता, पण धनराज ब्रेकला पाय लावत तेव्हा आरशात चारही दुचाक्या मंद होताना दिसत. जंगल संपेपर्यंत त्यांच्या तळहातांना घाम होता. तो वाघिणीच्या धास्तीचा होता की आणखी कशाचा, हे त्यांनाही सांगता आले नसते.

मीराबाईचा पाय तीन आठवड्यांनी जमिनीला लागला. तोपर्यंत धनराज दर बाजाराच्या दिवशी तिची टोपली गाडीत घालून नेत. साधनाबाईंनी मासळीच्या वासाबद्दल एकदा नाक मुरडले, मग हकीकत ऐकल्यावर पुन्हा कधी काही म्हटले नाही.

आता त्या टपरीवर नवी रीत पडली आहे. जंगलात शिरण्याआधी प्रत्येकजण आपला ब्रेक दाबतो आणि मागचा मोठ्याने सांगतो, "लागला!" ज्याचा लागत नाही तो तिथेच थांबतो. टपरीवाल्याकडे पेचकस असतो, आणि बल्बांचे खोके धनराजांनी आणून ठेवले आहे.

वाचकहो, कोणाला शिकवावे एवढा अधिकार या लेखणीला नाही. तरी एवढे लिहिल्यावाचून राहवत नाही. गाडीवरचा हा दिवा असा आहे, जो चालवणाऱ्याला स्वतःला कधी दिसत नाही. तो पूर्णपणे दुसऱ्यासाठी असतो. आणि म्हणूनच आपण तो विझू देतो! आपल्याला दिसत नाही, आपले अडत नाही, तिथेच आपली नागरिक म्हणून परीक्षा असते. मागे कोण येते आहे, किती जवळ, किती भिऊन, हे आपल्याला कळत नाही. म्हणून गाडी काढण्याआधी कोणालातरी मागे उभे करा. ब्रेक दाबा आणि विचारा. लागत नसेल, तर बल्ब आजच बदला.